नऊ नंबरवरचा नवरा

सुभेदार सर्जेराव ढाण्यांनी मिठाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला, मिशी पुसली, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चालेल."

समोर बसलेल्या बापू नलावड्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

आता बापू म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. सर्जेरावांच्याच पलटणीतला हवालदार. दोघांनी एका तंबूत दोन हिवाळे काढलेले. सुरुंगावर गाडी गेली तेव्हा बापू डावा पाय तिथंच ठेवून आला होता, आणि सर्जेराव दिसायला अख्खेच्या अख्खे परत आले होते. इतक्या वर्षांनी दोस्त भेटणार म्हणून गड्यानं शिबिराच्या स्वयंपाकघरातून मूठभर मीठ पळवलं, स्वतःच्या हातानं चहा केला आणि हसू पोटात दाबून वाट बघत बसला. कारण पलटणीत असल्या उद्योगांचा बादशहा होता तो सर्जेरावच. खुद्द मोठ्या साहेबांच्या बुटात जिलबी ठेवून वर शोधाशोधीत पुढाकार घेणारा माणूस! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी बायकोला गंभीर तोंडानं सांगितलं होतं, की फौजेत बायकोनंही साहेबाला सलाम ठोकायचा असतो. त्या बिचारीनं पलटणीच्या जेवणावळीत, भर बड्या खान्याला, सगळ्या मेमसाहेबांसमोर, डोक्यावरचा पदर सावरत खाडकन ठोकला.

असल्या माणसाला मिठाचा चहा पाजला तर त्यानं काय करावं? एक तर समोरच्याच्या अंगावर फवारा. नाहीतर "फक्कड झालाय, तूही घे" म्हणून त्यालाच अर्धा पाजावा, आणि वर त्याच्या अंथरुणात खेकडा सोडावा. "चालेल" काय?

बापू लोखंडी पाय ठकठकवत तडक वैजयंतावहिनींकडे गेला. त्या दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या.

"वहिनी, खरं सांगा. हा कोण माणूस घेऊन आलाय तुम्ही?"

"असं काय बोलता भाऊजी? शांत झालेत ते. किती छान झालंय आता."

"शांत? अवो, शांत तर आमच्या वेशीवरचा म्हसोबापण हाय. पण त्याला लोकं नवस तरी बोलत्यात. ह्याला मी मिठाचा चहा पाजला. मूठभर मीठ, वहिनी! गटागटा प्याला, आन् म्हणतो, चालेल."

वैजयंता हसली. हसता हसता तिच्या हातातला चिमटा दोरीवर न लागता खाली पडला. वर्षभर जी गोष्ट तिनं मनाच्या माळ्यावर टाकून दार लावलं होतं, ती ह्या लंगड्यानं अर्ध्या मिनिटात खाली आणली होती.

तापोळ्याच्या अलीकडं, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर हे 'विसावा' शिबिर भरायचं. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, रविवारी दुपारनंतर घरी. लढाईहून परतलेले गडी आणि त्यांच्या घरची माणसं. इथं कुकरच्या शिट्टीला बंदी. ताटं बांबूची. फोडणीसुद्धा झाकणाखाली तडतडायची, आणि शिबिराचा कोंबडा दर शुक्रवारी शेजारच्या वाडीत पाहुणा म्हणून जायचा.

कारण ह्या मंडळींचा आजारच तसा. प्रत्येकाच्या डोक्यात एक राखणीचं कुत्रं असतं. चोर आला की भुंकायचं, मालकाच्या हातापायात बळ आणायचं, छाती धडधडवायची, हे त्याचं काम. लढाईत हे कुत्रं मरणाच्या इतक्या जवळ बसून येतं, की घरी आल्यावर पापड मोडला तरी ते चवताळून उठतं. मालकाला कळत असतं की पापड आहे. कुत्र्याला कळत नाही.

त्यावर पाचेक वर्षांपूर्वी एक यंत्र निघालं. नाव 'निवांत'. आकार ज्वारीच्या दाण्याएवढा, कानाच्या खळग्यात चिकटवायचं. आपल्या मेंदूतून एक लांबलचक नस निघते आणि हृदय, फुप्फुसं, आतडी असं सगळ्यांच्या घरी हिंडून येते. तिची एक बारीकशी फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. तिथं मुंगी चालल्याइतकी वीज दिली, की हृदयाला निरोप पोचतो, जरा दमानं घे. 'निवांत' नाडी, घाम, श्वास सगळ्यावर नजर ठेवून असायचं, आणि कुत्र्यानं तोंड उघडायच्या आत त्याला थोपटायचं. किती जोरात थोपटायचं, त्याचे एक ते दहा आकडे. सर्जेरावांना डॉक्टरांनी लावून दिलं होतं तीनवर.

यंत्र चांगलंच होतं. फक्त एक गोम होती. पहिल्या क्षणाला भीती, राग, रडू आणि हसू ही चौघंही शरीरात एकाच दारानं शिरतात. छाती उडते, श्वास अडतो. कोण आत आलं ते यंत्राला कळायचं नाही. तीनवर ते सगळ्यांना जरा हळू चाला म्हणायचं. त्याच्या फार वर गेलं, की दारच बंद.

वैजयंता गेली ती मेजर टिपणीस बाईंसमोर जाऊन बसली. ह्या फौजेतून निवृत्त झालेल्या डॉक्टर, शिबिर त्यांचंच. त्यांनी सर्जेरावांना बोलावलं, कानाजवळ एक पट्टी धरली, आणि बाईंचा चष्मा नाकावरून खाली घसरला.

"सुभेदार साहेब, तुम्ही नऊवर आहात."

"चालेल," सर्जेराव म्हणाले.

"वैजयंताबाई, कुणी वाढवलं?"

वैजयंतानं मान खाली घातली. "मी. पण मॅडम, दोनच घरं! तिनाचं पाच केलं. देवाशपथ, नऊ नाही."

मग तिच्या सासूबाईंना बोलावणं गेलं. वैजयंता त्यांना आत्याबाई म्हणायची. ऐंशीच्या घरातली बाई, पण फोन असा चालवायची की नातीनं शिकावं. पाठोपाठ ती नात आली, कृतिका, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिघींचे फोन टेबलावर ओळीनं ठेवले गेले. तिन्हींत 'निवांत'. तिन्हींवर एकच ओळ, तुम्ही वाढवले: दोन.

मेजर बाई कपाळाला हात लावून हसल्या, मग हसणं थांबवलं. "ज्यांनी हे बनवलं ना, त्यांच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे एक नवरा आणि एक बायको. अडीनडीला बायकोनं दोन घरं वाढवावीत, एवढीच मुभा. फोनवर दिसतं ते ज्याचं त्यानं वाढवलेलं. एका माणसावर जीव टाकणाऱ्या तीन बायका एका घरात असतील, हे त्यांच्या स्वप्नातही नाही. आणि आम्ही दर महिन्याला नाडी बघत राहिलो. नाडी काय, झकास होती."

म्हणजे झालं होतं ते असं. एकीनं आमटीत मीठ घातलं. दुसरी आली, हिनं विसरलंच असणार म्हणून तिनं घातलं. तिसरी कॉलेजातून आली, तिनंही चिमूटभर सोडलं. आणि कुणी कुणाला बोललं नाही, कारण प्रत्येकीला वाटत होतं की पाप आपल्या एकटीचंच आहे.

"आत्याबाई, तुम्हीसुद्धा?" वैजयंता म्हणाली.

"मग काय करू? रातच्याला वरडायचा गं! मी बाळंतपणात वरडले नसंल तसा. ल्हान असताना खोकला झाला तरी मी दोन चमचं जास्तच पाजायची ह्याला. जगला का न्हाई?"

कृतिका नखानं टेबल खरवडत होती. "त्या वेफर्सच्या पाकिटानंतर," ती म्हणाली. त्यापुढं सांगायची गरज नव्हती. तिनं पाकीट फाटकन फोडलं होतं, आणि पुढच्या क्षणी ती भिंतीला आणि तिचं मनगट बापाच्या मुठीत. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. "हात दुखला म्हणून नाही केलं मी. पप्पा तीन दिवस जेवले नाहीत म्हणून केलं."

आता दोघी वैजयंताकडे बघायला लागल्या.

"मला एकदा," ती म्हणाली, "ताटाकडं बघून जेवायचं होतं. त्यांच्या तोंडाकडं न बघता."

सर्जेराव शेजारीच बसले होते, हात मांडीवर ठेवून. फोटो काढायला बसल्यासारखे.

खरी अडचण पुढंच होती. रविवारी दुपारी ह्या शिबिरात दाणा कातडीखाली कायमचा बसवणार होते. एकदा बसवला की त्याचा मूळ आकडा वर्षभर कुणी हलवू शकणार नव्हतं; अडीनडीची दोन घरांची मुभा तेवढी घरच्यांच्या फोनवर राहणार होती. कुठल्या आकड्यावर बसवायचं, ते ज्याच्या कानात बसणार त्यानं ठरवायचं, असा नियम.

"विचारा ना त्यांना," मेजर बाई म्हणाल्या.

वैजयंता नवऱ्यासमोर उकिडवी बसली. "अहो, नऊवर बसवू?"

"चालेल."

"आणि तीनवर?"

"चालेल."

"आणि कान कापून मेजर बाईंच्या हातात दिला तर?"

"चालेल, तू म्हणशील तसं."

लग्नाला बावीस वर्षं झाली. ह्या बाईनं "तू म्हणशील तसं" हे तीन शब्द ऐकायला किती देव पाण्यात ठेवले होते! आणि आता तेच ऐकून तिला ब्रह्मांड आठवलं. ज्याला विचारायचं तो घरातच नव्हता. त्याला विचारायचं तर आधी त्याला घरी आणायला पाहिजे होतं. आणि तो घरी आला, की त्याच्याबरोबर त्याचं कुत्रंही येणार होतं.

"आज तसंच राहू दे, सहा महिन्यांनी पुढच्या फेरीला बघू, असंही करता येईल," मेजर बाई म्हणाल्या. "किंवा उद्या सकाळी, उजेडात, मी समोर असताना, एकेक घर खाली आणू. पण सांगून ठेवते, उतरताना त्रास होईल. त्यांना आणि तुम्हालाही."

"नऊवर काय वाईट हाय?" आत्याबाई पुटपुटल्या. "जेवतोय, झोपतोय."

"आत्याबाई, म्हैसपण जेवतीय आणि झोपतीय," वैजयंता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला असं उलटून बोलली होती, आणि सासूलाही ते कळलं. "उद्या खाली आणायचं."

रविवारी सकाळी काठावर सतरंजी टाकली. एका कडेला तिघी बायका, ऑपरेशनच्या दाराबाहेर बसल्यासारख्या. बापू नलावडे मागं उभा. मेजर बाईंनी पहिलं घर खाली घेतलं. काही झालं नाही. मग दुसरं. मग तिसरं. सर्जेरावांनी कान खाजवला.

पाचवर आल्यावर ते पाण्याकडे बघत म्हणाले, "गार असंल."

वैजयंतानं कृतिकाची मांडी चिमटली. पाणी गार असेल! वर्षभरात ह्या माणसानं आपणहून मांडलेलं हे पहिलं मत.

चारवर आले आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. जिभेनं ओठ चाटले. डोळे बारीक झाले. मग गर्रकन वळले.

"नलावड्या! हरामखोरा! काल मला मिठाचा चहा पाजलास तू!"

"पाजला!" बापू लोखंडी पायावर नाचायलाच लागला. "पाजला, सर्जा! मूठभर घातलं हुतं! दे, शिव्या दे मला! आईवरनं दे!"

सर्जेरावांनी दिल्या. आत्याबाई बसल्या होत्या तरी दिल्या. त्यातल्या काही तर अशा होत्या, की मेजर बाईंनी फौजेत एवढी वर्षं काढूनही ऐकल्या नव्हत्या. त्या शिव्या ऐकताना वैजयंताच्या डोळ्यांना धार लागली.

मग मेजर बाईंनी शेवटचं घर खाली घेतलं.

सर्जेरावांच्या शिव्या थांबल्या. ते बराच वेळ आपल्या तळव्यांकडं बघत राहिले.

"वैजू," ते म्हणाले. "अण्णा गेले ना?"

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बाप लवकर गेल्यावर ह्यांना शाळेत घालणारे, भरतीला स्वतः सायकलवरून घेऊन जाणारे. मागच्या संक्रांतीला गेले.

"गेले हो."

"मी हुतो तिथं. मी तिथं उभं राहून इचारलं, जेवायला किती वाजतील म्हणून." त्यांचा आवाज फाटला. "अण्णाची चिता पेटलेली, आन् मी जेवणाचं इचारलं, वैजू!"

आणि मग तो सहा फुटी माणूस सतरंजीवर दुमडला. वर्षभर दाराबाहेर तुंबलेलं एकदम आत घुसलं. हंबरडा पाण्यावरून पलीकडच्या डोंगराला जाऊन आपटला.

वैजयंताचा अंगठा आपोआप फोनवर गेला. दोनच घरं. एकदा दाबलं की सगळं थांबलं असतं. मेजर बाई तिच्याकडं बघत होत्या. कृतिकाच्या हातातही फोन होता, आणि आत्याबाईंचा तर कधीच चोळीतून बाहेर आला होता.

वैजयंतानं आधी सासूच्या हातातून फोन काढला, मग मुलीच्या, मग आपला त्यावर ठेवला, आणि तिन्ही बापूच्या हातात दिले.

"भाऊजी, हे घेऊन जरा लांब जा. मी मागितले तरी देऊ नका."

मग ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली. तिनं हात लावला तर त्यांनी झिडकारला. ती थोडी सरकून बसली, पण बसली.

ऊन चांगलंच वर आल्यावर सर्जेराव उठून बसले. डोळे लाल, नाक लाल, आणि आवाजात धार. "माझ्या भावाचं रडणं तुम्ही बटनावर ठेवलं? तिघींनी मिळून?"

"मिळून नाही," कृतिका म्हणाली. "वेगवेगळं."

"तू गप! आन् तू, आई?"

"मार मला," आत्याबाई म्हणाल्या. "पण मी न्हाई सॉरी म्हणायची. तू वरडायचास."

"वरडंन! माझं घर हाय, वरडंन!" ते ओरडले, आणि ओरडल्यावर स्वतःच दचकले. कृतिका अर्धा फूट मागं सरकली होती. त्यांनी ते पाहिलं. तिच्या मनगटाकडं पाहिलं. "तुला माझी भीती वाटती."

"वाटते," कृतिका म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मलापण वाटती." "मॅडम, तीनवर बसवा. आन् ह्या तिघींच्या फोनातनं मला काढून टाका."

"दोघींच्या काढा," वैजयंता घाईनं म्हणाली. "माझ्यात असू द्या. तातडीला. मी नाही वापरणार."

"वापरशील, वैजू."

"नाही वापरणार!"

"वापरशील. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्या दिवशी दहावर नेला असता." त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी रातचं वरडंन. तू पलीकडच्या खोलीत निज काही दिवस, कडी लावून. कृतिका, वेफर्सचं पाकीट कात्रीनं काप आन् आधी हाळी दे. मला राग आला तर मी भाईर जाईन, दारू प्यायला न्हाई, चालायला. एवढंच मला सांगता येतंय. एवढ्यावर न्हाई जमत असंल, तर नऊ लावा. मी न्हाई म्हणणार न्हाई. पण आत्ताच इचारून घ्या. नंतर मी चालेलच म्हणंन."

वैजयंताला माहीत होतं ह्या तीनच्या आकड्यात काय काय आहे. दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा होता. शेजाऱ्यांचं तोंड होतं. जेवताना पुन्हा त्यांच्या तोंडाकडं बघत बसणं होतं. तिनं बापूला हाक मारली, आपला फोन घेतला, आणि स्वतःच्या अंगठ्यानं नवऱ्याचं नाव त्यातून काढून टाकलं.

दुपारी दाणा बसला. कानामागं इवलीशी पट्टी. मंडळी घरी निघाली. महाबळेश्वर ओलांडून पाचगणीच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागले, तसं आत्याबाईंनी गाडी थांबवायला लावली. चौघंही उतरली. वैजयंता पाटीवर वाकून फळं निवडत होती, म्हातारी चव बघण्याच्या नावाखाली चौथं फळ तोंडात टाकत होती.

आणि मागं एका टेंपोचा टायर फुटला.

वैजयंताला फक्त एवढंच कळलं, की आकाश फिरलं. ती जमिनीवर होती, शेजारी कृतिका, दोघींच्या मध्ये आत्याबाई, आणि तिघींवर अख्खे सर्जेराव, हात पसरून. पाटी उलटली होती. स्टॉलवाला "अवो, अवो" करत होता. सर्जेरावांनी मान उचलली, वैजयंताच्या खांद्यावरची लाल चिरडलेली ओल बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बोटं तिच्या गळ्यावरून, कानावरून फिरायला लागली. जखम शोधत.

"वैजू. वैजू. कुठं लागलंय? बोल ना!"

तिनं खांद्यावरची एक फुटकी स्ट्रॉबेरी उचलली आणि त्यांच्या तोंडात घातली.

ते चावायचं विसरले. मग चावले. डोळे तिच्यावर, छातीचा भाता चाललेला, हनुवटीवरून लाल रस.

"आंबट हाय," ते म्हणाले.

"सर्जा," खालून आत्याबाईंचा घुसमटलेला आवाज आला. "बाबा, मी बाँबनं न्हाई मरायची, पर तुझ्या वजनानं मरंन."

कृतिका आधी फिसकली. मग सर्जेरावांच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते रडू आहे का हसू, हे त्यांनाही पहिल्या क्षणी कळलं नसावं, कारण दोन्हींचा रस्ता एकच. पण ते हसूच निघालं. मोठं, गावठी, शेंबूड उडवणारं. स्टॉलभोवती गर्दी जमली होती.

"अहो, उठा आता," वैजयंता म्हणाली. "माणसं बघतायत."

"बघू दे," ते म्हणाले.

त्यांचं हृदय तिच्या खांद्यावर धाडधाड आपटत होतं. खाली खडी टोचत होती, साडीची वाट लागली होती. ती तशीच पडून राहिली, आणि ते ठोके आपले आपण कधी खाली येतात, त्याची वाट बघायला लागली. घाई कुणाला होती?